सिंहस्थासाठी रिकामी केलेली खोली

आमच्या अप्पांना गल्लीतले लोक देवमाणूस म्हणत. अजूनही त्या काळातलं कुणी भेटलं की मला हेच ऐकवतं, 'तुमचे वडील म्हणजे काय माणूस होता, कधी कुणाला अरेतुरे केलं नाही.' मी मान हलवते. खरंच आहे ते. ज्या माणसाला त्यांनी घराबाहेर काढलं त्यालाही ते 'अहो नारायणराव' असंच म्हणाले, ओसरीवर बसवून आईकरवी चहा दिला, आणि त्याची कपबशी खाली ठेवून व्हायच्या आत काढलं. मला सगळ्यात जास्त राग येतो तो त्या चहाचा. शिव्या घालून काढलं असतं तर नारायणरावांना निदान उलट शिवी तरी देता आली असती. चहा प्यालेला माणूस काय बोलणार?

पंचवटीत गंगेकडे उतरणाऱ्या एका बोळात आमचं घर होतं. आम्ही नाशिककर गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतो. पुढे आमचं दोन खणी घर, मध्ये फरसबंद अंगण, आणि मागे परसात एका ओळीत चार खोल्या. अप्पा एका वकिलांकडे कारकुनी करत. सिन्नरकडचा शेताचा तुकडा विकून त्यांनी त्या खोल्या बांधल्या होत्या, आणि मला वाटतं, आम्हा भावंडांपेक्षा त्यांचा त्या खोल्यांवर जास्त जीव होता. कचेरीतून आले की टोपीसुद्धा न काढता आधी परसात जायचे. भिंतीला कुठे ओल आली आहे का, कौल सरकलंय का, मोरीचं पाणी नीट वाहतंय का, सगळं बघून मग पाय धुवायचे. भिंतीत खिळा ठोकायचा नाही ही त्यांची पहिली अट. भिंतीला डाग पडतो म्हणून समई भिंतीपासून लांब ठेवायची ही दुसरी. दिवाळीच्या आधी स्वतः चुना भिजवून ठेवायचे आणि गवंड्याच्या मागे उभं राहून त्याला इतकं सांगायचे, इतकं सांगायचे की एका वर्षी तो कुंचला त्यांच्या हातात देऊन चालता झाला.

भाडेकरू ठेवणं म्हणजे नुसतं भाडं घेणं असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या घरात चार दिवस राहायला हवं होतं. परसात नळ एक आणि चुली चार. पहाटे नळाला पाणी आलं की हंड्यांचा खणखणाट सुरू व्हायचा, आणि कुणाचा हंडा कुणाच्या आधी लागला याचं भांडण आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी यायचं. कुणाच्या पापडांवर कुणाचं धुणं ठिबकलं, कुणी राख मोरीत टाकली, सगळ्याचा निवाडा आईने करायचा. अप्पांना भांडण ऐकवत नसे. ते देवघरात जाऊन बसायचे आणि मोठमोठ्याने स्तोत्र म्हणायचे.

शेवटची खोली नारायणरावांची. ते तांबट. गंगेपलीकडे तांबट आळीत एकाच्या कारखान्यात कामाला जात, आणि काही वेळा संध्याकाळी घरी एखादा हंडा आणून खोलीपुढे बसून त्याचे काठ ठोकून सारखे करत. तो ठक्‌ठक् आवाज आमच्या घरात इतका मुरलेला होता की त्या आवाजावर मला पाढे पाठ झाले. नारायणराव बोलायला फार कमी. त्यांची बायको गोदाकाकू मात्र भरपाई करायची. उंच, काळीसावळी, हसली की परसातून पुढच्या ओसरीपर्यंत ऐकू येणारी. त्यांची मुलगी मथी माझ्याच वयाची, माझी जिवाभावाची मैत्रीण. आणि नारायणरावांचे वडील, आबा.

आबा कुणाला आवडत नसत. तपकीर ओढून धोतराला हात पुसायचे, पहाटे उठून घोगऱ्या आवाजात अभंग म्हणत सगळ्यांची झोप मोडायचे, आणि सुनेच्या हातच्या प्रत्येक जेवणाला नावं ठेवून वर पुन्हा मागायचे. पायाने अधू होते, त्यामुळे दिवसभर अंगणात घोंगडीवर. मी आणि मथी शाळेतून आलो की आमच्याबरोबर सोंगट्या खेळायचे आणि खेळता खेळता धडधडीत लबाडी करायचे. कवड्या टाकल्या की आम्ही मोजायच्या आत उचलायचे आणि 'पंचवीस!' म्हणून ओरडायचे. मी म्हणायची, "आबा, दाखवा." ते म्हणायचे, "म्हाताऱ्या माणसावर अविश्वास दाखवतेस? नरकात जाशील." मग मथी त्यांची सोंगटी उचलून पळायची आणि आबा बसल्या जागेवरून काठी फिरवायचे. मला सख्खे आजोबा नव्हते. मला हे लबाड आजोबा पुरे होते.

त्या वर्षी सिंहस्थ आला. बारा वर्षांनी येणारा. आधीचा आठवणं शक्यच नव्हतं, त्यामुळे मला त्याची भारी उत्सुकता. हत्ती येणार, साधू येणार, देशोदेशीची माणसं गंगेवर स्नानाला येणार. उन्हाळ्यापासूनच पंचवटीतलं एकेक घर चुना लावून घेऊ लागलं. मला वाटलं, देवासाठी. चुना देवासाठी नव्हता. बोळाच्या तोंडाशी दामूभटजी राहत, त्यांच्याकडे दूरदूरचे यात्रेकरू उतरत. ते एकदा अप्पांकडे आले आणि झोपाळ्यावर बसून म्हणाले, "अप्पा, तुमच्या चार खोल्या म्हणजे चार दुभत्या गाई आहेत, आणि तुम्ही त्यांना पेंढा घालून बसलात. माझे यजमान येणार, त्यांना उतरवायला माझ्याकडे जागा नाही. तुम्ही वर्षभरात भाडेकरूंकडून घेता ते मी तुम्हाला एका पर्वात मिळवून देतो."

"पण खोल्या भरलेल्या आहेत," अप्पा म्हणाले.

"मग रिकाम्या करा. अख्खी पंचवटी करतेय. मेळा संपला की पुन्हा बोलवा. थोड्या दिवसांचाच तर प्रश्न आहे."

हे वाक्य मी जन्मभर विसरलेली नाही. परवा परवा माझा मुलगा फोनवर कुणाशी तरी बोलत होता. नाशकातच द्वारका चौकाजवळ त्याचा एक फ्लॅट आहे, तो भाड्याने दिलाय. तो अगदी गोड आवाजात म्हणत होता, "नाही हो, थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे." मी भाजी निवडत होते, ती तशीच टाकून उठले आणि त्याला म्हटलं, फोन ठेव. तो गडबडला. त्याला वाटलं माझ्या छातीत दुखतंय. मी म्हटलं, छातीत नाही दुखत, पण तू ज्याच्याशी बोलतोयस तो कुठे जाणार आहे ते आधी विचार, मग थोडे दिवस किती ते ठरव. मुलगा म्हणाला, आई, तुला कशावरून काय आठवेल काही सांगता येत नाही. खरंच आहे, नाही सांगता येत.

तर अप्पांनी ठरवलं. बाकीच्या तीन खोल्यांतल्या लोकांना जायला ठिकाणं होती. एक मास्तर होते, ते सासुरवाडीला गेले. दोघांनी आपली बायकामुलं गावी धाडली आणि स्वतः मित्रांकडे सोय पाहिली. राहिले नारायणराव. त्यांचा भाऊ तांबट आळीत एका खोलीत सहा मुलांना घेऊन राहत होता. तिथे उभं राहायलाही जागा नव्हती, आणि गावात दुसरी खोली मिळेना, कारण प्रत्येक खोलीवर कुणी ना कुणी दामूभटजी नजर ठेवून बसला होता. नारायणराव ओसरीवर आले, त्यांनी तो चहा घेतला, आणि अप्पांचं सगळं ऐकून घेतलं.

"अप्पा, आम्हा तिघांचं काही नाही. आबांना हलवणं कठीण आहे," ते म्हणाले.

"मी समजू शकतो, नारायणराव," अप्पा म्हणाले. "पण मीही बांधला गेलोय. शब्द दिलाय मी. तुम्ही असं करा, मोठं सामान खोलीतच माळ्यावर राहू द्या, म्हणजे तुम्हाला नेण्याआणण्याचा त्रास नको. भाद्रपद सरला की खोली तुमची. हा माझा शब्द."

एकाच खोलीसाठी त्यांनी दोघांना दोन शब्द दिले, आणि कोणता पाळायचा ते तेव्हाच ठरलेलं होतं. आई दारामागे उभी होती. तिने फक्त विचारलं, "आबांना कुठे ठेवतील हो?" अप्पा म्हणाले, "बघतील ते काहीतरी." आई स्वयंपाकघरात गेली. तिला त्या वर्षी माझ्या लग्नासाठी पाटल्या करायच्या होत्या. आईला मी पुढच्या सगळ्यासाठी मानते, पण त्या दुपारी ती गप्प बसली हे मी इथे लिहिणार आहे. तिने स्वतःच मला म्हातारपणी सांगितलं होतं, लिहिशील तर तेही लिही.

ते आषाढात गेले. जुन्या नाशकात गंगेच्या काठाला लागून एक बंद पडलेला तेलाचा घाणा होता, त्याच्या मागची पत्र्याची शेड त्यांना मिळाली. आबांना पाटीवाल्याने पाठुंगळी घेतलं. जाताना आबा अप्पांना म्हणाले, "अप्पा, मी येईपर्यंत माझी अंगणातली जागा कुणाला देऊ नका." अप्पा हसले आणि त्यांनी आबांना वाकून नमस्कारसुद्धा केला. मथीने माझ्याकडे बघितलं नाही. मी तिला हाक मारली, ती बोचकं छातीशी धरून चालत राहिली.

मग आमच्याकडे यात्रेकरू आले. एका खोलीत जिथे चार माणसं राहत तिथे पंधरा-पंधरा राहू लागली. अंगणात पाय ठेवायला जागा नसे. सकाळपासून तुपात पुऱ्या तळल्याचा वास, ओल्या धोतरांचा वास, उदबत्त्या, भजनं, पोरांची रडणी. परसातला नळ दिवसभर वाहायचा आणि मोरी तुंबायची. अप्पा ती मोरी आनंदाने स्वतः काठीने मोकळी करायचे. भिंतीत खिळे ठोकले, दोऱ्या बांधल्या, समईने भिंत काळी झाली, अप्पा एक अक्षर बोलले नाहीत. नारायणरावांनी एकदा मथीची शाळेची पिशवी अडकवायला एक लहानसा खिळा ठोकला होता, तर अप्पांनी आठवडाभर तोंड वाकडं केलं होतं. हे मी पाहत होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला काही कळत नाही असं मोठ्यांना का वाटतं, देव जाणे.

मी शाळा सुटली की पुलावरून पलीकडे जायची. त्या शेडमध्ये जमीन कायम ओली. पाऊस थांबला तरी पत्र्यावरून थेंब पडत राहायचे. गोदाकाकूने विटा मांडून त्यावर फळी टाकून आबांना निजवलं होतं. पिण्याचं पाणी लांबून आणायचं, नाहीतर समोरून वाहणारं. आणि त्या दिवसांत समोरच्या पाण्यात सगळा देश आंघोळ करून गेलेला. आबा सोंगट्या खेळायला तयार होईनात. मी कवड्या पुढे केल्या तर म्हणाले, "ठेव. इथे लबाडी करायलाही मजा येत नाही."

श्रावणाच्या शेवटी गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. दवंडी पिटली गेली, पाणी उकळून प्या, सुया टोचून घ्या. आम्ही टोचून घेतल्या. आईने मला पलीकडे जायला बंदी केली. एका सकाळी नारायणरावांचा भाऊ दारात येऊन उभा राहिला आणि आईला म्हणाला, "वहिनी, आबा गेले. काल दुपारी सुरू झालं, पहाटे संपलं." आईच्या हातात पोळीचा उंडा होता. तो तसाच हातात धरून ती अंगणात गेली आणि आबांची घोंगडी पसरायची त्या जागेसमोर उभी राहिली. तिथे एका यात्रेकरू बाईची पातेली वाळत होती.

अप्पा समाचाराला गेले. मी हट्ट करून बरोबर गेले. त्यांनी गंभीर चेहरा केला, नारायणरावांच्या खांद्यावर हात ठेवला, "वाईट झालं, फार वाईट झालं, पण वय झालं होतं," म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "खोलीची काळजी करू नका. ती तुमचीच आहे." नारायणरावांचं डोकं भादरलेलं होतं. त्यांनी अप्पांना हात जोडले. गोदाकाकू मात्र जोडलेल्या हातांकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी अप्पांच्या मागे सरकले.

अप्पा तिथून परस्पर कचेरीत गेले, आणि मी घरी येऊन सरळ परसात गेले. शेवटच्या खोलीत त्या दिवसांत मारवाडातली एक मंडळी उतरली होती, चांगली माणसं होती, त्यांची आजी मला रोज बोलावून लाडू द्यायची. तिने त्याही दिवशी हात पुढे केला. मी म्हटलं, "मला नको. ह्या खोलीतले आबा पटकीने मेले." मला हिंदी धड येत नव्हतं, पण मेले आणि पटकी हे मला हातवाऱ्यांनी नीट सांगता आलं. त्यांना वाटलं तो म्हातारा ह्याच खोलीत मेला. दिवस मावळायच्या आत त्यांनी टांगे बोलावले, आणि त्यांचं बघून शेजारच्या खोलीतलेही गेले. अप्पा कचेरीतून आले तर दोन खोल्या ओस. ते माझ्यापुढे येऊन म्हणाले, "तुला कुणी विचारलं होतं?"

"मी खरं तेच सांगितलं," मी म्हटलं.

"खोलीत मेले का ते?"

"खोलीत असते तर मेलेच नसते."

अप्पांनी हात उगारला होता, पण आई मध्ये आली. नुसती येऊन उभी राहिली. त्या दिवसापासून आईचं अप्पांशी बोलणं 'जेवायला वाढलंय' एवढ्यावर आलं. पाटल्यांचा विषय तिने पुन्हा काढला नाही. मला त्या कधी झाल्याही नाहीत.

भाद्रपद सरत आला, गर्दी ओसरली, मास्तर परत आले, बाकीचेही आले. नारायणरावांना मात्र अप्पा आज या, उद्या या असं सांगत राहिले. आधी म्हणाले चुना लावून घेतो. मग म्हणाले पितृपक्षात बिऱ्हाड हलवू नये. खरं कारण आम्हाला एका संध्याकाळी कळलं. देवळाकडच्या रस्त्यावर एका हलवायाचं दुकान होतं. मेळ्यात त्याचा धंदा फार वाढला आणि त्याला साखर-तुपाचे डबे ठेवायला जवळपास जागा हवी होती. तो नारायणरावांच्या दुप्पट भाडं द्यायला तयार होता, आणि शिवाय त्याच्या मालाला ना पाणी लागणार, ना चूल, ना मोरी. अप्पांना हे फारच पटलं होतं. ते आईला समजावत होते, "डब्यांची कटकट नाही. भांडत नाहीत, आजारी पडत नाहीत. घटस्थापनेला तो माल आणून टाकतोय."

"आणि तुमचा शब्द?" आईने विचारलं. कित्येक दिवसांनी ती त्यांच्याशी एवढं बोलली.

"परिस्थिती बदलते. नारायणरावांना मी समजावीन. सज्जन माणूस आहे, ऐकून घेईल."

दुसऱ्या दिवशी अप्पा कचेरीत गेले आणि आईने देवघरातलं पितळी कुलूप काढलं, परसात जाऊन ते शेवटच्या खोलीला घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. मग मला म्हणाली, "पलीकडे जा. गोदाला सांग, घटस्थापनेला सकाळी बिऱ्हाड घेऊन या. मी सांगितलंय म्हणावं." मी पुलावरून पळतच गेले.

घटस्थापनेच्या सकाळी हलवायाचा बैलगाडा बोळात येऊन उभा राहिला, हमाल खाली उतरले, हलवाई कपाळाला गंध लावून अंगणात आला. अप्पा किल्ली शोधत होते. आई परसाच्या दारात उंबऱ्यावर बसली होती.

"कुलूप उघडा," अप्पा म्हणाले.

"खोली दिलेली आहे," आई म्हणाली.

"कुणाला?"

"तुम्ही ज्यांना दिलीत त्यांना. मेलेल्या माणसाच्या दारात जाऊन दिलीत. ही कुसुम होती तुमच्याबरोबर."

बाकीच्या तिन्ही खोल्यांतली माणसं दारात आली. मास्तर दाढी करता करता बाहेर आले होते, एका गालाला साबण तसाच. अप्पांचा चेहरा लाल झाला. चारचौघांत आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे तो चिरकला. "घर माझं आहे! शेत माझ्या बापाचं विकलंय!"

"मग बापाचं नाव घेऊन सांगा, की शब्द दिला नव्हता," आई म्हणाली.

तेवढ्यात नारायणराव आणि गोदाकाकू बोळातून आत आले. मागे मथी. बरोबर एक रिकामी हातगाडी होती. रिकामी का, ते माझ्या लक्षात आलं नाही. मला इतका आनंद झाला होता की मी मथीचा हात धरायला धावले. तिने हात मागे घेतला. आई उठली, तिने किल्ली काढून गोदाकाकूच्या हातावर ठेवली. गोदाकाकूने कुलूप उघडलं, नारायणराव माळ्यावर चढले, आणि एकेक वस्तू खाली देऊ लागले. पाटा, जातं, आबांची पेटी, तांब्याचा मोठा हंडा. ते सगळं त्यांनी हातगाडीवर ठेवायला सुरुवात केली.

"गोदा, अगं काय करतेस? राहायला या म्हणून बोलावलं मी," आई म्हणाली.

"वहिनी, तुमचे उपकार आहेत," गोदाकाकू म्हणाली. ती हसत नव्हती, पण आवाज खणखणीत होता. "खोली चांगली होती. पण आता ह्या दारातनं आत शिरताना मला रोज विचारावं लागेल, पुढचा मेळा कधी आहे म्हणून. आम्ही भद्रकालीकडे एक अंधारी खोली घेतलीय. तिथे कुणी आम्हाला शब्द दिलेला नाही. बरं वाटतं."

अप्पांना तेवढ्यात सुटका दिसली. ते पुढे झाले आणि आपल्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "नारायणराव, गैरसमज करून घेऊ नका. तुमच्याबद्दल माझ्या मनात—"

नारायणरावांनी हातातलं जात्याचं पाळं खाली ठेवलं. मी त्यांना एवढं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, नंतर तर ऐकायचा प्रश्नच आला नाही. "अप्पा," ते म्हणाले, "आबा गेले तेव्हा तुम्ही आलात. माझ्या मनात होतं, तुम्हाला हाताला धरून बाहेर काढावं. मी काढलं नाही. मी तुम्हाला हात जोडले. का जोडले माहीत आहे? खोली परत मिळेल म्हणून. बापाला पोचवून आल्याला एक दिवस झाला नव्हता आणि मी तिथे बसून तुमच्या खोलीचा विचार करत होतो. हे तुम्ही माझ्याकडून करून घेतलंत. आबा काय, आज नाही उद्या जाणारच होते. पण हे मी विसरणार नाही."

मास्तर आत गेले. नारायणरावांनी पाळं उचललं, हातगाडीवर ठेवलं, दोरी आवळली. गोदाकाकूने किल्ली आईला परत दिली नाही, अप्पांनाही दिली नाही. ती तिने कुलपातच ठेवली. हातगाडी बोळातल्या दगडांवरून खडखडत गेली. मथीने ह्या वेळीही मागे बघितलं नाही, आणि मी हाक मारली नाही. पुढे ती मला कधीमधी भाजीबाजारात दिसायची. एकदा तिच्या कडेवर मूल होतं. ती ओळख दाखवायची नाही, आणि मला ते बरोबर वाटायचं.

लोक मला म्हणतात, तुमच्या आईने केवढं धाडस केलं, शेवटी काय झालं? शेवटी हलवायाचे डबे आत गेले. त्याच दिवशी, दुपारी. गाडा बोळात उभाच होता, हमालांना मजुरी चढत होती, आणि कुलूप उघडं होतं. आई अडवायला पुन्हा उठली नाही. कुणासाठी अडवणार? अप्पांना दुप्पट भाडं मिळू लागलं आणि ते पुन्हा कचेरीतून आल्यावर भिंतींची ओल बघू लागले. गल्लीत कुणी त्यांना दोष दिला नाही. सगळ्यांनीच आपापले नारायणराव काढलेले होते. ह्या वयात माणसाने राग सोडून द्यावा असं मला डॉक्टरही सांगतात आणि कीर्तनकारही. मी कुणाचं वाईट चिंतत नाही. पण हा राग माझा आहे, मी तो सोडणार नाही.

दसऱ्याला हलवायाने पेढ्यांचा मोठा डबा पाठवला. नव्या मालकाला भेट. अप्पांनी तो देवापुढे ठेवला, नैवेद्य दाखवला, आणि सोनं द्यायला आलेल्या लोकांना मोठ्या कौतुकाने पेढे देऊ लागले. मला हाक मारली, "कुसुम, घे बाळ." माझ्या हातावर त्यांनी पेढा ठेवला. केशर घातलेला, अजून मऊ होता. मी अंगणात गेले आणि सगळ्यांच्या देखत तो मोरीत टाकला. अप्पा उठले, अंगणात आले आणि त्यांनी मला मुस्कटात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. पाहुणे उभे राहिले. माझा कान वाजत होता, पण डोळ्यांत पाणी आलं नाही, ह्याचं मला स्वतःलाच नवल वाटलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईचा आवाज आला. शांत, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"कुसुम, डब्यात अजून उरलेत. तेही टाक."